डबा द्यायचा की साक्ष?

एका वाचक भगिनीचं पत्र:

मावशी, सलाम.

मी चिंचवडला राहते. माहेर नगरकडचं, लहानपण तिथल्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये आणि तरुण संघात गेलं. लग्नानंतर इथे जवळच भरणाऱ्या एका प्रार्थना गटात जाऊ लागले. गट चालवणारे ब्रदर प्रेमळ आहेत, अडीअडचणीला धावून येतात. यंदा त्यांनी प्रत्येकाला पाच नावं लिहून द्यायला सांगितली, ज्यांना सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायची आहे अशांची. माझ्या यादीत पहिलं नाव समोरच्या फ्लॅटमधल्या मैत्रिणीचं. तिच्या घरी देव्हारा आहे, गुरुवारचा उपास असतो, सासूबाई आषाढीला माउलींच्या पालखीबरोबर चालतात.

तिला स्तनाचा कॅन्सर निघाला, किमो चालू आहे. किमोच्या दिवसांत मी डबा द्यायचे, तिच्या मुलीला शाळेतून आणायचे. हे यादीच्या आधीपासून. ब्रदरना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हीच संधी आहे. दुःखात मन नरम असतं, तेव्हाच बी पेरायचं." मग एके दिवशी डबा देताना मी तिला येशूबद्दलची छापील पत्रिका दिली आणि म्हणाले, येशूवर विश्वास ठेव, तो बरं करतो. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, डबा त्यासाठीच आणत होतीस का?" दुसऱ्या दिवशी निरोप आला, स्वयंपाकाला बाई ठेवलीय, आता डबा नको.

ब्रदर म्हणतात, तिचं अंतःकरण कठीण झालंय, पण तू मागे हटू नकोस. बायबलमधल्या यहेज्केलाच्या पुस्तकात लिहिलंय, पहारेकऱ्याने इशारा दिला नाही तर रक्ताचा हिशेब त्याच्याकडून घेतला जाईल. नवरा म्हणतो, दिवस कसे आहेत बघ, उद्या कोणी तक्रार केली तर नोकरीवर येईल, हे सगळं बंद कर. आणि मला आता हेही आठवतंय की गणपतीत तिने पाठवलेले मोदक मी गुपचूप कामवालीला देऊन टाकले होते.

गप्प राहिले तर प्रभूला नाकारल्यासारखं होईल का? बोलले तर मैत्रीण गेलीच. काय करू?

तुमची, एक वाचक

*

प्रिय मुली, सलाम.

तू मला बरंच काही विचारलं आहेस, पण मैत्रिणीने तुला जे विचारलं त्याचं उत्तर अजून बाकी आहे. "डबा त्यासाठीच आणत होतीस का?" यावर तू काय म्हणालीस ते पत्रात नाही, म्हणजे बहुतेक गप्प राहिलीस. आधी ते उत्तर देऊन ये, बाकीचं नंतर बघू.

डबा यादीच्या आधीपासून जात होता असं तू लिहितेस. मग तेच तिला सांग. फोनवर नको, मेसेज तर नकोच. किमोनंतरचे अंगातलं त्राण गेलेले दोन-तीन दिवस जाऊ देत, तिला बरं वाटत असेल तेव्हा जा, आणि दारातल्या दारात बोलायची तयारी ठेव. "डबा तुझ्यासाठीच होता. मधे मी त्यात माझा हेतू घुसडला, तेही तू आजारी असताना. ते चुकलं माझं. तू माझ्या देवाला कधीच मानलं नाहीस तरी आपल्यात काही बदलणार नाही." इतकं बोल आणि थांब. पुढे "पण मला तुझी काळजी वाटते ना" असं शेपूट जोडू नकोस, त्या "पण"ने सगळं वाया जाईल. ती म्हणाली की डबा अजूनही नको, तर नको. मुलीला शाळेतून आणायचं काम तिने परत सांगितलं तर कर, नाही सांगितलं तर जिन्यात भेटल्यावर नेहमीसारखं बोल. ती लगेच मोकळी होईल अशी अपेक्षा धरू नकोस. अंगाला सुया टोचून घेऊन दमलेल्या बाईकडे तुला माफ करण्याइतकी शक्ती त्या आठवड्यात असेलच असं नाही.

आता, ती अशी का दचकली ते बघ. तुला वाटतंय ती रागावली. मला वाटतं ती घाबरली. आपण ज्याला प्रेम समजत होतो ते कुणाच्या तरी यादीतलं काम होतं की काय, ही भीती आजारी माणसाला फार लवकर शिवते, कारण तो आधीच सगळ्यांच्या उपकाराखाली असतो. शिवाय आपल्याकडे या भीतीला इतिहास आहे. आपण नगरची माणसं, आपल्याला तो कुणी वेगळा सांगायला नको. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत ख्रिस्ती कुटुंबं वाढली. मिशनने अन्न दिलं, कामं दिली, शाळा काढल्या. तेव्हापासून "भाकरीसाठी बाटलेले" हा टोमणा आपल्या आज्या-पणज्यांनी ऐकला. माझे पणजोबा त्याच पिढीतले. मी हा टोमणा कधी खाली मान घालून ऐकून घेतला नाही, कारण तो अर्धाच खरा आहे. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, ज्यांच्या पोरांना शाळेच्या ओट्यावरसुद्धा बसू देत नव्हते, त्यांनी भाकरीबरोबर माणूसपणही पाहिलं आणि ते निवडलं. त्यांना डोकं नव्हतं, पोटच होतं, असं म्हणणं हा त्यांचा दुसऱ्यांदा केलेला अपमान. पण उरलेला अर्धा भागही आपण प्रामाणिकपणे बघायला हवा. देणाऱ्याच्या एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात पुस्तक असलं की घेणाऱ्याला नाही म्हणायला जागा राहत नाही. त्याने मनापासून हो म्हटलं तरी ते मनापासून होतं हे जगाला पटत नाही, आणि कधीकधी त्याला स्वतःलाही. गोव्याकडे तर १५६० पासून अडीचशे वर्षं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, तिथल्या आठवणी याहून कडू आहेत. तुझ्या मैत्रिणीने यातलं काही वाचलं असेल-नसेल, तिच्या घरातल्या बोलण्यात ते कुठेतरी मुरलेलं आहे. तू डब्यावर पत्रिका ठेवलीस तेव्हा ते सगळं एकदम वर आलं.

म्हणून "दुःखात मन नरम असतं तेव्हाच पेरावं" हे ब्रदरचं वाक्य मला मुळीच मान्य नाही. मन नरम असतं हे खरं, आणि तेव्हाच त्यात हात घालू नये. हे माझं एकटीचं मत आहे असं समजू नकोस. २८ जून २०११ रोजी व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून, इतर धर्मीयांमध्ये राहताना ख्रिस्ती माणसाने साक्ष कशी द्यावी, म्हणजे आपली श्रद्धा दुसऱ्याला कशी सांगावी, याच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. कॅथलिक, जुने प्रॉटेस्टंट आणि सुवार्ता सांगण्यावर भर देणारे इव्हँजेलिकल हे तिघे एका कागदावर येणं किती दुर्मिळ, ते तुला ठाऊक आहे. त्यांनी एकमताने म्हटलंय की गरिबीचा आणि गरजेचा फायदा घेण्याला सुवार्तेच्या कामात स्थान नाही. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना त्यांच्या अगतिकतेचा वापर होऊ नये. दुसऱ्याच्या धर्माबद्दल खोटं बोलू नये. आणि धर्म बदलणं हा आयुष्यातला मोठा निर्णय आहे, त्याला विचार करायला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. ब्रदर इव्हँजेलिकल परंपरेतले असतील तर हे त्यांच्याच घरचं म्हणणं आहे. त्यांना वाचायला दे.

आता यहेज्केल. ३३ व्या अध्यायातला पहारेकरी इस्राएलाच्या घराण्यावर नेमलेला आहे. आपल्याच लोकांना, ते ज्या दुष्ट मार्गाने चाललेत त्याबद्दल बजावायला. समोरच्या फ्लॅटमधली, गुरुवारचा उपास करणारी, कॅन्सरशी झगडणारी बाई त्या अध्यायात कुठे बसते ते मला कुणी दाखवून द्यावं. आणि ब्रदर तेहतिसाव्या अध्यायावर थांबले असतील तर त्यांना म्हणावं, पान उलटा. चौतिसाव्यात देव मेंढपाळांवर संतापलाय: तुम्ही दुर्बळांना बळ दिलं नाही, आजाऱ्यांना बरं केलं नाही, जखमींना पट्टी बांधली नाही, उलट त्यांच्यावर जबरदस्ती आणि कठोरपणाने सत्ता गाजवली. रक्ताचा हिशेब सांगून घाबरवण्याआधी हा हिशेब वाचायला हवा. तुझ्या डोक्यावर कुणाचंही रक्त नाही. ही भीती घेऊन तू तिच्याकडे गेलीस तर तिला तुझी भीतीच दिसेल, प्रभू कुठला दिसायला?

मत्तयाचा २८ वा अध्याय, सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा ही आज्ञा, मला नाकारायची नाही. ती आज्ञा आहेच. चर्चच्या जुन्या-नव्या सगळ्या शाखा ती मानतात, फक्त ती कशी पाळायची यावर त्यांच्यात दोन हजार वर्षं वाद आहेत. पण ज्याने ती आज्ञा दिली तो स्वतः लोकांशी कसा वागला हे त्याच पुस्तकात आहे. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडत होता. त्याला काय हवंय ते कुणालाही कळलं असतं, तरी येशूने विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशू त्याच्या मागे धावला नाही, आणि मार्क मुद्दाम लिहितो की त्याने त्याच्यावर प्रीती केली. आणि लूकच्या १७ व्या अध्यायातले ते दहा कुष्ठरोगी. दहाही शुद्ध झाले. परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे परका मानला जाणारा. उरलेल्या नऊ जणांबद्दल येशूने विचारलं जरूर, ते कुठे आहेत म्हणून. पण त्यांचा रोग त्यांच्या अंगावर परत आला असं कुठे लिहिलंय? बरं करणं आणि परत येणं यांच्यात त्याने अट घातली नव्हती. तुझा डबा या हिशेबात बसव. तुझी मैत्रीण नवांपैकी एक निघाली तरी डबा वाया जात नाही.

मग गप्प राहायचं का? नाही. इथे मी तुझ्या नवऱ्याच्या बाजूचीही नाही. आपण ख्रिस्ती आहोत हे लपवणं, नाताळचा तारा खिडकीच्या आतल्या बाजूला लावणं, रविवारी "जरा बाहेर जाऊन येते" म्हणणं, हे मी आजकाल पुष्कळ घरांत बघते आणि मला ते आवडत नाही. तो लपवाछपवीचा स्वभाव होऊन बसतो. मैत्रिणीला माहीत असू दे की तू प्रार्थना करतेस, शुक्रवारी उपास करत असशील तर करतेस, कुठल्या गोष्टीने तुला धीर मिळतो. फरक इतकाच की तिने विचारलं तर सांगायचं. पेत्राने पहिल्या पत्रात हेच लिहिलंय: तुमच्या आशेचं कारण जो कुणी विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. यात विचारणारा आधी येतो, हे आपण वाचताना नेहमी विसरतो.

आपल्याकडच्या एका माणसाची गोष्ट तुला ठाऊक असेल, पण या प्रश्नाच्या अंगाने तिच्याकडे पुन्हा बघ. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. आधी दोघांच्या गप्पा झाल्या त्या संस्कृत काव्यावर. मग बोलणं धर्माकडे वळलं, आणि उतरण्याआधी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही म्हणाले. प्रवचनांतून ही भविष्यवाणी फार रंगवून सांगतात, कारण १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत खरंच बाप्तिस्मा घेतला. मला त्या भविष्यवाणीचं फारसं कौतुक नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या माणसाला समोरच्याच्या आवडीचं काव्य माहीत होतं, त्याने पुस्तक दिलं आणि तो निघून गेला. पाठपुरावा नाही, घरी खेपा नाहीत.  पुढे जे झालं ते टिळकांच्या स्वतःच्या वाचण्यातून, भांडण्यातून, रात्र-रात्र जागण्यातून झालं. आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत, म्हणजे मागचा पूल जाळून आले नाहीत. तुझ्या मैत्रिणीच्या सासूबाई ज्ञानोबा-तुकोबांचं नाव घेत चालतात ना? त्यांच्या वारीबद्दल कधी विचारलंयस? खरंच ऐकायला म्हणून?

टिळकांपेक्षाही मला लक्ष्मीबाईंची बाजू तुझ्या कामाची वाटते. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला ही बातमी त्यांच्यावर कोसळली. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर त्या नवऱ्याजवळ आल्या तरी आपलं सोवळं-ओवळं, आपला स्वयंपाक त्यांनी वेगळाच ठेवला, आणि घाई करून तो मोडायला टिळकांनी लावलं नाही. ज्याच्या कीर्तनाने परके लोक हलत होते, त्याने घरातल्या बाईला तिच्या चालीने चालू दिलं. पुढे लक्ष्मीबाईंना जातीचं सगळं आपल्याच मनाने खोटं वाटू लागलं, आणि १९०० च्या सुमाराला त्यांनी आपणहून निर्णय घेतला. नसता घेतला तर? टिळकांनी संसार मोडला असता असं मला वाटत नाही. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. मराठी ख्रिस्ती माणसाने साक्षीचा विचार करताना बाहेरच्या पुस्तकांत पाच पायऱ्या शोधण्याआधी नगरचा हा इतिहास वाचावा.

बोलायची वेळ आलीच, म्हणजे तिने स्वतःहून विचारलं, "तू प्रार्थना करतेस म्हणजे नक्की काय करतेस गं?", तर स्वतःबद्दल बोल. तुझ्या आयुष्यात काय घडलं, कुठे मोडून पडली होतीस, कशाने उभी राहिलीस. तिच्या देवांबद्दल एक अक्षर नको, चांगलं नाही की वाईट नाही. थोडक्यात बोल. आणि कृपा करून चर्चमधल्या भाषेत बोलू नकोस. आपल्याला सवयीने कळत नाही, पण "रक्ताने धुतलेली" वगैरे शब्द दर काही दिवसांनी रक्त तपासायला जाणाऱ्या बाईच्या कानाला कसे लागतील याचा विचार कर. तिने विषय बदलला तर तूही बदल. तिच्या मुलीशी आईबापांच्या माघारी देवाधर्माबद्दल बोलायचं नाही, गोष्टीच्या पुस्तकातूनही नाही. शाळेतून आणताना ते लेकरू तुझ्या ताब्यात असतं, तो विश्वास वेगळाच आहे.

आजारासाठी प्रार्थना करावी का? तुझ्या घरी, तुझ्या खोलीत, हवी तेवढी कर, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तिच्यासमोर करायची तर आधी विचार, आणि असं विचार की तिला नाही म्हणता येईल. पुष्कळ हिंदू घरांत आजारपणात कुणाचीही प्रार्थना आनंदाने घेतात. आपल्याकडे माऊंट मेरीला आणि माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेना प्रार्थनेला जाणारे सगळे काही ख्रिस्ती नसतात. तिने हो म्हटलं तर दोन वाक्यांत कर आणि त्या दोन वाक्यांत तिला उपदेश करू नकोस, प्रार्थनेच्या आडून प्रवचन झोडायची आपल्याकडे वाईट खोड आहे. मात्र "येशू बरं करतो, विश्वास ठेव" हे तू जे म्हणालीस ते पुन्हा कधी कुठल्याही आजाऱ्याला म्हणू नकोस. ती बरी झाली नाही तर त्या वाक्याचा अर्थ काय होतो? तिचा विश्वास कमी पडला. म्हणजे रोगाचं ओझं होतंच, वर आणखी दोषाचं. किमो, रेडिएशन, डॉक्टरांचा शब्द, यांत तुझ्या गटातल्या कुणीही ढवळाढवळ करता कामा नये. कुणी औषध सोडायला सुचवलं तर तिथेच, सगळ्यांसमोर, विरोध कर. आपल्या ख्रिस्ती लोकांनीच मिरजेला दवाखाना उभा केला. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये गेले आणि खेड्यातल्या, पुष्कळदा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. ही मंडळी प्रार्थना करत होती आणि लसही टोचत होती. आरोळ्यांच्या ख्रिस्ती असण्याबद्दल तालुक्यात कुणाला शंका नव्हती, आणि लस घ्यायला कुणाला देव बदलावा लागला नाही.

मोदकांचं बोलू. हा विषय आपण चर्चमध्ये मोकळेपणाने बोलतच नाही, मग प्रत्येक जण आपापल्या स्वयंपाकघरात गुपचूप काहीतरी करतो. नैवेद्याचं खावं की नाही यावर पौलाने करिंथकरांच्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायात बरंच लिहिलंय, आणि त्यातून आपल्याकडे दोन्ही पंथ निघाले आहेत. एक घर म्हणतं, मूर्ती काही नव्हे, प्रेमाने दिलं ते खावं. दुसरं म्हणतं, अर्पण केलंय हे माहीत असताना खाऊ नये. दोन्ही घरांत प्रामाणिक माणसं आहेत आणि मी त्यांच्यात पंच होणार नाही. माझ्या घरी खातात, हे मात्र सांगते. तुला नसेल खायचं तर नको खाऊस, पण मग तिला हसून सांग: "अगं, नैवेद्याचं आम्ही घेत नाही, वेगळे काढून ठेवलेस तर डझनभर खाईन." बहुतेक बायका वेगळे काढून ठेवतात, मी पाहिलंय. कामवालीला देऊन "छान झाले होते" म्हणणं, त्यात मात्र खोटेपणा आहे. आणि हेही बघ, तू तिच्याकडून अपेक्षा केलीस की तिने तुझी पत्रिका आदराने घ्यावी. तिचे मोदक तुझ्या घरात एक रात्र राहिले नाहीत. तिला हे कळलं नसेल तर उकरून सांगायला जाऊ नकोस, पण पुढच्या गणपतीआधी तुझं काय ते ठरव.

नवऱ्याला काय सांगशील? त्याची भीती खोटी नाही, त्याला भित्रा म्हणू नकोस. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिला आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. त्याशिवाय अनेक राज्यांत धर्मांतराविरोधी कायदे आहेत. काहींमध्ये भेटवस्तू, पैसा, नोकरी, मोफत शिक्षण, इतकंच काय देवाच्या कोपाची भीती घालणंसुद्धा प्रलोभन किंवा जबरदस्तीच्या व्याख्येत बसतं. हे कायदे कसे वापरले जातात यावर माझी मतं आहेत आणि ती सौम्य नाहीत. साधी प्रार्थनासभा उधळली गेल्याच्या बातम्या तूही वाचतेस. पण नवऱ्याशी बोलताना तो वाद काढू नकोस. दोघं मिळून एखाद्या माहितगार वकिलाला गाठा आणि आपल्या राज्यात आज नेमकं काय लागू आहे ते समजून घ्या. गटाच्या पत्रिकांवर काय छापलंय तेही त्याला दाखवा. नवऱ्याला एवढं सांग की शेजारणीला वरणभात देणं बंद होणार नाही आणि डब्यावर पत्रिका पुन्हा जाणार नाही. माझ्या अंदाजाने त्याला याहून जास्त नको आहे.

राहिले ब्रदर. तू लिहितेस ते प्रेमळ आहेत, आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवते. प्रेमळ माणसंही आकड्यांच्या मागे लागतात. कुणीतरी त्यांनाही वरून विचारत असेल, यंदा किती? त्यांना एकांतात भेट, गटासमोर नको. म्हणावं, माझ्या यादीतलं पहिलं नाव मी काढून घेते. ती माझी मैत्रीण आहे, तिच्यासाठी मी प्रार्थना करीन, पण तिचा अहवाल देणार नाही. तिच्या आजाराची बातमी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर प्रार्थनाविषय म्हणून गेली असेल तर ती तिच्या परवानगीशिवाय गेली आहे. ती काढून टाकायला सांग, आणि कुणी तिचं नाव, हॉस्पिटल, फोटो पुढे पाठवला असेल तर तेही थांबव. बाकीच्या चार नावांकडेही एकदा बघ. त्यात तुझ्या हाताखाली काम करणारं कुणी आहे का? तुझ्याकडून उसने पैसे घेतलेलं? कामवाली तर नाही ना? असेल तर ती नावंही खोड, कारण त्यांना तुला नाही म्हणणं परवडणारं नाही.

ब्रदर यावर रागावले, किंवा पुढच्या रविवारी नाव न घेता तुझ्याबद्दल कोमट ख्रिस्ती म्हणून बोलले, तर गट बदल. चिंचवडमध्ये चर्चेस कमी नाहीत. ऐकून घेतलं, तर तिथेच राहा आणि त्यांना विचार की पाच नावांऐवजी आजारी शेजाऱ्यांना डबा पोचवायची पाळी गटात लावता येईल का, पत्रिकेशिवाय. कोण येतं आणि कोण येत नाही, ते मला कळव.

तुझी,
मावशी